कादरीसाहेब आणि आमची किरकोळ रजा

मोईनुद्दीन कादरीसाहेबांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा टाइम ऑफिसच्या दारात रडकुंडीला येऊन उभा होतो. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात मला लागून तीनच महिने झाले होते. साहेब तिथे कार्मिक अधिकारी होते. आज ते पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात कामगारांपैकी कुणीतरी लिहावं असं ठरलं, तेव्हा ते काम मी मागून घेतलं.

आमचं घर मेंढपाळाचं. त्या वेळी आई-वडील मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे गेलेले होते आणि धाकटी बहीण सुमन चुलतीकडे राहत होती. ती बारावी झाली आणि परिचारिका प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव लागलं. तिच्याआधी आमच्या वस्तीवरची एकही मुलगी दहावीपुढे गेली नव्हती. पत्र वस्तीवर पोचलं तेच उशिरा. प्रवेशाचा शेवटचा दिवस उद्यावर आलेला, आणि घरातल्या मोठ्या माणसानं स्वतः हजर राहून सही करायची होती. मोठा माणूस म्हणजे मीच.

मी सुपरवायझरकडे एक दिवसाची किरकोळ रजा मागितली. ते म्हणाले, "नव्या माणसाला कसली आली सीएल? सहा महिने भरू दे आधी. उद्या नाय आलास तर परवा गेटवरूनच परत जाशील."

नोकरी जाते की बहिणीचं शिक्षण, एवढंच डोक्यात फिरत होतं. तशातच टाइम ऑफिसच्या आतून कादरीसाहेबांचा आवाज आला, "आत या. बसा."

कारखान्यातल्या कुठल्या अधिकाऱ्यानं मला 'तुम्ही' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी सगळं सांगितलं. साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "नियुक्तिपत्र वाचलं का?"

"नाय साहेब. सही केली."

"वाचलं नाही, सही केली. म्हणजे नवरी न बघताच लग्न लावून टाकलं की तुम्ही!"

त्यांनी कपाटातून माझं पत्र काढलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. एकेक ओळ बोटाखाली धरून ते वाचत गेले आणि पुढची ओळ मला वाचायला लावत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. कामाच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे नव्या कामगारालाही किरकोळ रजेचा हिस्सा मिळेल, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. सहा महिन्यांची अट कुठल्याच कागदावर नव्हती. ती फक्त तोंडातोंडी चालत आली होती, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून टिकली होती.

"मला हे आधीच दिसायला हवं होतं," साहेब हळूच म्हणाले. "अर्ज लिहा. मी सही करतो."

दुसऱ्या दिवशी सुमनचा प्रवेश झाला. आज ती सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, आणि तिच्यामागून वस्तीवरच्या आणखी चार मुली शिकायला बाहेर पडल्या.

पण त्या सहीचं पुढे काय झालं, ते मला साहेबांच्या शिपायाकडून कळलं. कारखाना व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून सुनावलं, "एकाला दिलीत. आता सगळे नवे मागतील."

साहेब म्हणाले, "मागू द्या. त्यांच्या कागदात आहे ते मागतील, आपल्या घरातलं नाही."

त्याच दुपारी त्यांनी साध्या मराठीत हा नियम लिहून गेटजवळच्या फलकावर लावला. तो काढायला सांगितलं गेलं, तो त्यांनी काढला नाही. आठवड्याच्या आत त्यांना कँटीन आणि बागेची देखरेख देण्यात आली. इतक्या वर्षांच्या अधिकाऱ्याला असं बाजूला सारणं आम्हा सगळ्यांच्या जिव्हारी लागलं. मी कँटीनमध्ये जाऊन म्हणालो, "साहेब, माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं कसं? नियम तुम्ही लिहिला होता का?" त्यांनी वाटी पुढे केली. "आमटी चाखा. मीठ बराबर आहे का सांगा."

वर्षभर त्यांनी ते काम मन लावून केलं. त्या काळातली आमटी जुने कामगार अजून आठवतात. फलक मधल्या काळात उतरवला गेला होता, पण नियम आता सगळ्यांना माहीत झाला होता. पुढच्या भरतीतल्या कामगारांनी एकामागून एक लेखी अर्ज दिले, आणि लेखी नकार द्यायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी तीच सूचना कंपनीच्या कागदावर निघाली. व्यवस्थापक बदलल्यावर साहेब पुन्हा आपल्या जागी आले. या साऱ्याबद्दल त्यांच्या तोंडून कडवट शब्द मी कधी ऐकला नाही.

ते मऊ मात्र नव्हते. एकदा मला गावच्या जत्रेला जायचं होतं, म्हणून मी अर्जात 'आई आजारी' असं लिहिलं. जत्रेची तारीख साहेबांना ठाऊक होती. त्यांनी अर्ज परत केला. "आई घरी धडधाकट आणि कागदावर आजारी? जत्रेला जायचंय तर जत्रा लिहा. हक्काच्या रजेसाठी खोटं बोलायची सवय लावून घेऊ नका." मान खाली घालून मी नवा अर्ज लिहिला. त्यांनी सही केली आणि विचारलं, "जत्रेला पाहुणे चालतात का?" ते खरंच आले, स्वतःची एक किरकोळ रजा टाकून, आपल्या पत्नीला, आमच्या भाभींना घेऊन. माझ्या वडिलांशेजारी घोंगडीवर बसून त्यांनी मेंढरांच्या जातींवर इतके प्रश्न विचारले, की कमी बोलणारे माझे वडील त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलले.

मागच्या वर्षी साहेबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. निरोप शहरातल्या छावणी भागातून गारखेड्यात आणि तिथून शेंद्र्यापर्यंत पोचला. कुणी कुणाला सांगितलं ठाऊक नाही, पण सकाळी रुग्णालयाच्या आवारात आम्ही तीसचाळीस जण उभे होतो. साहेब शुद्धीवर आल्यावर भाभींनी त्यांना खिडकीतून आम्हाला दाखवलं. साहेबांचा पहिला प्रश्न होता, "अरे, मग कामावर कोण आहे?" भाभींनी हे बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आम्ही हसलो, आणि हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले.

साहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. भाभींची सोबत त्यांना अशीच मिळत राहो, सकाळचं फिरणं चुकू नये, नातवंडांशी त्यांची भांडणं रंगत राहोत. साहेब, आमचं विचारायचं अजून पुष्कळ राहिलंय. आम्ही येत राहू. तुम्ही घरी असा.