हात परत गालाशी

सोलापुरी चादरीची वळकटी झोपाळ्याच्या कडीला टांगून, मोबाईलवरच्या बॉक्सिंगवाल्याचं बघत मी पहिला ठोसा मारला, तो नेम चुकून भिंतीवर बसला. भिंतीला काही झालं नाही. माझं मनगट सुजलं. साखर वाढलेली, त्यामुळे व्यायाम सोडून चालणार नव्हतं. पण बायकोने चादर कपाटात ठेवली आणि "बंद!" म्हणाली.

हाडांच्या दवाखान्यात शेजारी साठीच्या एक बाई होत्या, दुधनीहून गुडघा दाखवायला आलेल्या. "पडलात व्हय?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी व्हिडिओ मागून घेतला, चष्मा चढवला आणि थोडं बघून मान हलवली.

"ह्याला सोडा. मारून हात खालीच टाकतोय बघा. मी बी सुनेसंगं करते की, खुर्चीत बसून. मारायला शिकवणारे लई हायत. मारलेला हात परत गालाशी आणायला कोण शिकवतं, ते बघायचं."

पदर खोचून त्यांनी मुठी हनुवटीशी धरल्या आणि असा ठोसा हाणला, की बांगड्या खणाणल्या आणि समोरचा कंपाउंडर दोन पावलं मागे सरला. मग नंबर आला, तशा सामना जिंकल्यागत लंगडत आत गेल्या. नाव विचारायचं राहिलंच. पण एका भिंतीपायी व्यायाम सोडायचा विचार मी तिथेच सोडला.

घरी येऊन सगळं साभिनय सांगितलं. बायकोने कपाट उघडलं.

"चादर टांगते, पण भिंतीपासून लांब. मनगट बरं होईस्तोवर मी मारणार. तुम्ही फक्त बघा, माझा हात परत येतोय का."