ठकीचा कप्पा

लोक घर बदलतात तेव्हा त्यांचं सामान हलवायला मुकादमाला बोलावतात. हाताखाली चार माणसं, एक टेम्पो आणि दिवसभर चालणारा तोंडाचा पट्टा, एवढं त्याचं भांडवल. एखादा काचेचा पेला फुटला तरी याला जेवण जात नसे. काम संपलं की त्याचा एक ठरलेला रिवाज होता. रिकाम्या घरात मालकाला खोली खोली फिरवायचं, एकेक कप्पा उघडून दाखवायचा आणि म्हणायचं, "बघून घ्या साहेब, तुमची टाचणीसुद्धा मागे राहिलेली नाही." हे म्हणताना त्याची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या बटणांची काळजी वाटावी.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीला, ठकीला, लांबच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात तिला एक खाट, एक टेबल आणि अर्धं कपाट मिळणार होतं. उरलेलं अर्धं खोलीतल्या दुसऱ्या मुलीचं. त्यात काय मावणार यावरून मायलेकींची जुंपली. आई म्हणे दोन पांघरुणं ने, ठकी म्हणे एकच पुरे. आईला वर एक कढईही द्यायची होती.

"अगं आई, खोलीत स्वयंपाकाला बंदी आहे."

"असू दे. कढई काय चुगली करायला जाते?"

ठकीचं तर कशावरच ठरेना. एकेक वस्तू हातात घ्यायची, "ही नेऊ की ठेवू?" म्हणायची आणि परत होती तिथे ठेवायची. मुकादमाने हा घोळ दोन दिवस सोसला. तिसऱ्या दिवशी त्याने दोघींना खोलीबाहेर काढलं. "सरका बघू. हे माझं काम आहे."

आणि काम तरी कसं केलं! बुटांत मोजे खुपसले, बादलीत उशी दाबली, उशीच्या अभ्र्यात टेबलावरचा दिवा गुंडाळला. कढईसुद्धा बसवली. केसांच्या पिना, वाळून गेलेल्या नेलपॉलिशची बाटली, दांडी तुटलेला चष्मा, शाळेत काढलेली चित्रं, काही म्हणून सोडलं नाही. दुपारी त्याने ठकीला हाक मारली आणि तिच्या भिंतीतल्या कप्प्यापुढे नेऊन उभं केलं. कप्पा ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेला.

"बघून घे बाई. तुझी टाचणीसुद्धा मागे राहिलेली नाही."

ठकीने रिकाम्या कप्प्यातून हात फिरवला. "खरंच की हो बाबा," ती हळूच म्हणाली. मुकादमाला वाटलं, पोरीला प्रवासाची धास्ती वाटत असेल.

तिला पोचवून तो घरी आला, सदरा खुंटीला लावला आणि सहज त्याची नजर कप्प्याकडे गेली. कप्पा लख्ख आणि रिकामा. तो न्हाणीघरात डोकावला, तिचा ब्रश नव्हता. दारामागे ओढणी नव्हती. मग त्याने गुडघे टेकून कपाटाखाली झाडू फिरवला.

"काही मिळायचं नाही," बायको दारातून म्हणाली. "तुमच्या हातचं काम आहे ते." मग ती तिथेच बसली. "एखादी रिबीन तरी ठेवायचीत हो. लेक आहे ती आपली, भाडेकरू नव्हे."

मुकादमाने कपाटाखाली झाडू पुन्हा एकदा फिरवला.

रविवारी त्याने फोन लावला. "ठकी, जागा पुरते का गं? अडचण होत असेल तर दे थोडं परत. मी येतो ना टेम्पो घेऊन."

"छे हो बाबा, सगळं लागतंय इथे. कढईपण! आम्ही दोघी गुपचूप वापरतो."

पोरगी खळखळून हसत होती. मुकादमाला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या कढईचा हेवाही वाटला. पुढे बायकोने रिकाम्या कप्प्यात डबे ठेवायचं काढलं तेव्हा तो तिच्या अंगावर धावून गेला. कप्पा तसाच राहिला. रोज सकाळी तो त्यावरची धूळ पुसायचा.

पहिल्या सुट्टीत ठकी आली. थोडी वाळलेली, केस कापलेले, खांद्याला एक पिशवी. मुकादमाने ती पिशवी घेतली आणि त्याच्या हाताला वजन कळलं. कपड्यांचे दोन जोड, फार तर एक टॉवेल.

"लाव हो सगळं कप्प्यात," तो घाईघाईने म्हणाला. "तुझाच आहे. कुणाला हात लावू दिला नाही."

"राहू दे ना बाबा. दोनच दिवस तर आहे, पिशवीतूनच काढून घालीन."

"बरं," मुकादम म्हणाला.

आईशी बोलत ठकी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती, आणि त्याला तिची फार फार आठवण येत होती.