मनुकांचा रस

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, आणि चर्चमधल्या उपासनेला तर नाहीच. अकोल्याला होतो तेव्हा माय माझा गुडघा हातानं दाबून ठेवायची. बाबांची बदली झाली, आम्ही अमरावतीला आलो, मी एकोणीस वर्षांची घोडी झाले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले, तरी तो हात तसाच होता. माझ्या शेजारी ताई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, आणि ऐकूच येईना म्हणून बोलणंही आलं नाही. ती दोन-दोन तास हलायची नाही. मंडळीतल्या बाया मला तिचं उदाहरण द्यायच्या, आणि मी आणखीच चुळबुळायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजाशी जाऊन भाकर आणि रस घेण्याचा विधी. त्याची सगळी तयारी ताईकडे. शनिवारी मनुका उकळायच्या, निवल्या की धुतलेल्या फडक्यातून पिळून रस काढायचा, इवलाले काचेचे पेले घासून ओळीनं मांडायचे, मेजावरच्या पांढऱ्या कापडाला इस्त्री करायची. आणि रविवारी सगळे उठून मेजाकडे गेले, की ही मागे सतरंजीवर, दाराजवळच्या चपलांशेजारी, बायांनी मांडीवर टाकून दिलेली तान्ही पोरं सांभाळत बसे. कारण नियमच तसा होता. मंडळीच्या पंचांपुढे उभं राहून धर्माच्या प्रश्नोत्तरीची उत्तरं तोंडानं द्यायची, मग मेजाशी जागा. ताईनं तोंडानं कसं बोलायचं?

याचं कोणाला काही वाटत नव्हतं. उलट सगळे तिच्यावर जीव टाकत. गुरुवारी बायांची प्रार्थना आमच्या घरी भरली, की मायला उत्तेजन देण्याचा कार्यक्रम ठरलेला. आमच्या ख्रिस्ती बोलण्यात उत्तेजन म्हणजे धीर. "तिले कायची परीक्षा लागते बाई? देवानं तिले पहिलेच निवडून ठेवलं," असं कोणीतरी म्हणे, माय डोळे पुसे, चहा होई. मी स्वयंपाकघरात भांडी आदळे. निवडलीच आहे तर मेजाशी का नाही, असं विचारलं तर माय म्हणे, तुझी जीभ फार चालते.

शेवटी मी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, मागे लागले. ते नगरकडचे, मोजकं बोलणारे. ताई हातांनी उत्तर देईल, मी ते तोंडानं सांगेन, एवढंच माझं म्हणणं. आठवड्यातून तीनदा त्यांच्या ओट्यावर जाऊन मी तेच ते सांगत राहिले. पटलं म्हणून म्हणा की कंटाळून म्हणा, त्यांनी पंचांना राजी केलं.

आमची खुणांची भाषा घरातच वाढलेली. तळहातावर बोट टेकलं की येशू, कारण खिळ्याची जागा ती. पदराला गाठ मारली की माय. तेवढ्या भांडवलावर मी महिनाभर तिला प्रश्नोत्तरी शिकवली. माझ्यात तो धीर नाही. दोनदा पुस्तक भिरकावलं, दोन्ही वेळा तिनंच उचलून आणलं.

परीक्षेला चार पंच बसले होते. पहिले प्रश्न नीट गेले. शेवटचा होता, तुला प्रभुभोजनाला का यायचं आहे? पुस्तकातलं उत्तर तिला येत होतं, आदल्या दिवशी तिनं मला करून दाखवलं होतं. पण ती थांबली. मग तिनं दाराकडे बोट केलं, चपला दाखवल्या. मांडीवर पोर थोपटलं. हवेतच फडकं पिळलं, रस गाळला, पेल्यांत ओतला. ओलं बोट ओठांपर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं. शेवटी पंचांकडे बघून तिनं तळहात उघडा केला. आमच्या खुणांत त्याचा अर्थ एकच, काहून?

मला सगळं कळलं. इतकी वर्षं रस ती काढत होती आणि त्याची चव तिला ठाऊक नव्हती. बोट चाटायचीसुद्धा मायनं मनाई केली होती. पंच माझ्याकडे बघत होते. हे सांगितलं तर म्हणतील, ही तक्रार झाली, हा विश्वास नव्हे. इतक्या खटपटीनं जुळून आलेलं मोडेल, याची मला भीती वाटली. शिवाय ती शांतता मला सोसेना. मी घाईघाईनं पुस्तकातलं वाक्य म्हणून टाकलं, की ख्रिस्तानं माझ्या पापांची क्षमा केली म्हणून मी त्याच्या मेजाकडे येते.

पंच खूश झाले. एकानं तर तिच्या डोक्यावर हात ठेवला. ताईनं त्यांची हसरी तोंडं एकेक करून पाहिली. तोंडं वाचण्यातच तिचा जन्म गेला होता. तिनं गाऱ्हाणं सांगितलं होतं आणि माणसं हसत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर बघू लागले.

घरी आल्यावर तिनं विचारलं, काय सांगितलंस? मी पुस्तकातल्या, तिला पाठ करवलेल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं पुस्तक मिटून ज्वारीच्या कोठीवर ठेवलं आणि कामाला लागली. पहिल्या रविवारी तिनं रस काढला, पेले मांडले, आणि सगळे उठले तेव्हा मागेच बसून राहिली. पाळकसाहेब मेजाशी थांबले. माय खुणावून थकली. ताई मांडीवरच्या पोराचं टोपडं सारखं करत होती. बाहेर पडताना लोक म्हणाले, बिचारीला समजलं नसेल.

ते "समजलं नसेल" आठवडाभर माझ्या डोक्यात घुमत होतं. जेवण जाईना. शाळेत पोरींवर उगाच खेकसले. शनिवारी ओट्यावर गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "साहेब, मी खोटं बोलली. तिनं दुसरंच सांगतलं होतं."

मग ती खरं काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मी चपलांपासून ओठांपाशी थांबलेल्या बोटापर्यंत सगळं करून दाखवलं.

"उद्या उपासनेनंतर तिला माझ्याकडे पाठव," ते म्हणाले. "एकटीला. तू मध्ये येऊ नकोस."

ती आत होती तेवढा वेळ मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली येरझारा घातल्या. खिडकीतून पाळकसाहेबांचे हात दिसत होते, वर उचललेले, अवघडलेले. त्यांची एक खूण चुकली असावी. ताईनं त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्याच तळहातावर नेऊन टेकवलं. ती बाहेर आली तेव्हा मी हातांनी विचारलं, काय झालं? ती चप्पल घालत होती. तिनं नुसता हात झटकला, तुझं काम नाही. आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत ठाऊक नाही. पंचांशी काय ते पाळकसाहेबच बोलले.

पुढच्या प्रभुभोजनाला मी मुद्दाम मागे तिच्याजवळ बसले होते, तिला घेऊन पुढे जायचं म्हणून. सगळे उठले तशी मीही उठू लागले. ताईनं आपल्या मांडीवरचं झोपलेलं पोर माझ्या मांडीत ठेवलं, माझा खांदा दाबून मला खाली बसवलं आणि पदर सारखा करून एकटी मेजाकडे गेली.

आधी मला राग आला, मग लाज वाटली. चपलांशेजारून मेज दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. त्यांत तिची पाठ मी ओळखली. पेला उचलताना तिचा कोपर वर गेलेला दिसला. रस चाखल्यावर तिचं तोंड कसं झालं, ते मात्र मला दिसलं नाही. मान उंचावली असती तर कदाचित दिसलं असतं, पण पोर जागं झालं असतं. मी हलले नाही.