मामांचा डावा पाय

मिल सुरू झाली की मामा आधी डाव्या पायातला बूट काढायचे. मोजा काढून बुटात खोचायचे, उघडा तळवा मिलशेजारच्या लोखंडी फरशीवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांब गड्या, पायाला इचारतो." मग थोड्या वेळानं निकाल यायचा, "गप हाय. वाढवा स्पीड."

तुम्ही म्हणाल, कारखान्यात असली थेरं चालतात कशी? चालत होती. सांगलीजवळच्या आमच्या कारखान्यात पोलादाचा पत्रा न तापवता, थंडच लाटण्यासारख्या फिरत्या रुळांमध्ये दाबून पातळ करतात; त्या यंत्राला आम्ही मिल म्हणतो. मामा, म्हणजे सगळ्या कारखान्याचेच मामा, मिल चालवायचे आणि मी वर, क्रेनच्या केबिनमध्ये. त्यामुळे मामा मला बहुतेक वरूनच माहीत. तेलकट टोपी, पुढे आलेलं पोट, एक पाय बुटात आणि एक उघडा.

थंड पत्रा सुखासुखी पातळ होत नाही. वरचा आणि खालचा रूळ त्याला धरतात, ओढतात, दाबतात, आणि मध्ये तेलपाण्याचा फवारा चालू असतो. फवारा कमी पडला तर रूळ पत्र्याला ओरबाडतो, जास्त झाला तर घसरतो. "लय धरलं की फाटतंय, सोडलं की निसटतंय. संसारागत हाय," असं मामा प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. खंडेनवमीच्या पूजेला मामी आल्या की मात्र संसाराचं गाळायचे.

हे धरणं-सोडणं बिनसलं की मिल आतून थरथरू लागते आणि पत्र्यावर आडवे पट्टे उमटतात. तेव्हाच स्पीड उतरवला तर निभावतं. नाहीतर ताणलेला पत्रा तुटतो, आणि कागदासारखा पातळ पत्रा तुटून उसळला की समोर कोण आहे ते बघत नाही. थरथर मोजायला पॅनलवर यंत्र होतं. मामा त्यावर टोपी वाळत घालायचे.

मामा मूळचे मेढ्याकडचे. लहानपणी डोंगर अनवाणी तुडवलेला, त्याचा त्यांना भारी अभिमान. दर वर्षी बुटांचा नवा जोड मिळायचा. उजवा झिजून जायचा, डावा तसाच कोरा राहायचा आणि कपाटात जायचा. "उजवा पाय नसलेला कुणी भेटला तर सांगा रं," मामा म्हणायचे, "आपल्याकडं डाव्या बुटांचं दुकान हाय." आम्ही हसायचो.

मग तपासणीत त्यांना साखर निघाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पायांकडं लक्ष ठेवा म्हणून बजावलं. मामांनी खापर आमच्यावर फोडलं. "तुमच्या सांगलीचं पाणी. सगळीकडं ऊस, साखर लागणारच की." आणि चहात आणखी एक चमचा घातला.

एकदा सुट्टी झाल्यावर ते चपला घालून गेटकडं निघाले होते. डावी चप्पल वाटेतच पायातून निसटली, आणि मामा एका चपलेवर तसेच पुढे चालत राहिले. पोरं मागून हसत होती. मामाही वळून हसले, पण हसताना त्यांनी मातीत उभ्या डाव्या पायाकडं पाहिलं, आणि ते पाहणं मला आवडलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वय झालं गड्या. पाय जरा जड वाटतोय." रजा घेऊन दाखवून या म्हटलं, तर चिडले. पायात दोष निघाला म्हणजे त्यांची सगळी पतच गेली, असं त्यांना वाटत असावं.

त्यानंतर पाय रोज "गप हाय" म्हणू लागला. पूर्वी आठवड्यातून एखाद्या वेळी तरी मामा कपाळाला आठ्या घालून स्पीड उतरवायचे. आता पाय कधीच काही बोलेना. सगळे खूश होते. मला मात्र त्या गप्पपणाची धास्ती बसली.

ती सकाळ मला नको तेवढी आठवते. पातळ पत्र्याचं काम चालू होतं. केबिनमधला माझा चहाचा ग्लास किणकिणायला लागला. खाली पाहिलं तर पत्र्यावर उजेड पडून आडवे पट्टे सरकत होते. मी घंटा वाजवली. मामांनी वर पाहिलं, तळवा फरशीवर टेकवला, डोळे मिटले. मग हात वर करून मला खूण केली, ठीक आहे, चालू दे.

पत्रा तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला, सुटलेलं टोक कठड्यावर आपटलं आणि मिलमध्ये चुरगळलेल्या पत्र्याचा ढीग साचला. माणसं आधीच लांब पळाली होती, कुणालाही ओरखडा नाही असं वाटलं. मामा ढिगाभोवती फिरत सगळ्यांची विचारपूस करत होते. मला वरून दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. ते जातील तिथं फरशीवर लाल पाऊल उमटत होतं, एकाच पायाचं.

मी शिडीवरून कसा उतरलो ते ठाऊक नाही. तोवर मामांनाही ते डाग दिसले होते.

"कुणाचं रगत हाय रं हे?" ते सगळ्यांवर खेकसले. "लागलंय तर सांगत का न्हाई?"

मी म्हटलं, "मामा, बसा. तुमचंच हाय."

ते बसले. पाय मांडीवर घेतला. तळव्यात पत्र्याचा तुकडा रुतला होता. मामांनी तो हातानं उपसून काढला, तोंडावरची रेघही हलू न देता, आणि मग माझ्याकडं पाहिलं. एवढा भ्यालेला माणूस मी पाहिला नव्हता. "काहीच म्हणत न्हाई रं," ते हळूच म्हणाले.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी बोटं काढली, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. मामा मेढ्याला गेले ते परत आले नाहीत.

सामान न्यायला मामी आल्या. मी कपाट उघडून दिलं. आत डावे बूट ओळीनं मांडलेले, एकालाही माती लागलेली नव्हती. कुबड्या घेऊन चालतात, पायात घालायला काही धड नाही, म्हणून मामी त्यांच्यासाठी बूट शोधायला लागल्या. एकेक बूट उचलून, उलटा करून बघत होत्या.

"आवं भावजी," त्या शेवटी म्हणाल्या, "ह्यातला उजवा कुठं हाय?"