मामांचं चव्वेचाळीस मॅग्नम

रिव्हॉल्वर नसताना नुसतं काडतूस बाळगणारा महापुरुष साऱ्या जबलपुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. संरक्षण कारखान्याच्या कँटीनमध्ये मामांनी जन्मभर समोसे तळून घेतले. पण चेरीतालच्या त्यांच्या घरी गेलं की खिशातून ते बोटभर जाड पितळी काडतूस निघून चहाच्या कपाशेजारी उभं राहिलंच म्हणून समजा. "चव्वेचाळीस मॅग्नम! अस्वल जाग्यावर झोपते, बाबू. अन् घरात चोर आला तर भिंतीसकट जाते!" शिकारीला कधीचीच बंदी आहे म्हटलं, की ते माझी कीव करत. दुसऱ्याच्या बत्तीस बोरच्या पिस्तुलाला ते मच्छर मारायचं यंत्र म्हणत. अंगणात माकड आलं, की मात्र हे अस्वलमारे मोरीत शिरून आतून कडी लावत आणि मामी झाडू घेऊन बाहेर पडत. काडतूस म्हणजे निवृत्तीला कुणीतरी दिलेली पोकळ, शोभेची वस्तू. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण मामींच्या धाकाने कुणी बोलत नसे.

यंदा नागपूरला त्यांच्या नातीचं बारसं होतं. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी तिनेच फोन केला, "बाबा, तुम्ही आल्याशिवाय पाळणा हलणार नाही." मामी आधीच तिकडे गेल्या होत्या, म्हणून मामांच्या सोबतीला मी निघालो. स्टेशनवर तपासणीत पिशवीतून काय निघावं? तेच ते!

"असली है?" शिपायाने विचारलं.

मामांनी छाती काढली. "चव्वालीस मॅग्नम है भैया! भालू गिराता है!"

मी कपाळावर हात मारून घेतला. शिपायाने साहेबांना बोलावलं. तिकडे गाडी फलाटाला लागली.

"मामा, खरं सांगून टाका ना!"

"काहून सांगू? इतक्या लोकांत?"

गाडीने शिटी दिली. मामांनी एकदा गाडीकडे पाहिलं आणि एवढ्याशा आवाजात म्हणाले, "नकली है साहब. अंदर कुछ नहीं है. मैंने कभी बंदूक छुई भी नहीं. नातिन के पास जाना है."

रांग खदखदून हसली. साहेबांनी काडतूस उलटं करून बुडाला नुसतं भोक आहे, आत दारू नाही, हे पाहिलं, ते टेबलावर ठेवून घेतलं आणि आम्हाला सोडलं. धावत जाऊन आम्ही कसाबसा डबा गाठला.

बारसं झालं, बापलेक पोटभर रडले. परवा चेरीतालला गेलो तर कपाशेजारी काहीच नव्हतं. मला करमेना. मीच विचारलं, "मामा, अस्वलाला एक गोळी पुरते का हो?"

"मले काय माहीत, बाबू? मी समोसेवाला."

इतकी वर्षं ज्या थापांना नाक मुरडलं, त्यांच्यासाठी जीव असा तुटेल असं वाटलं नव्हतं. त्यांची नात मोठी झाली, की तिला सांगणार आहे: तुझ्या आजोबांकडे अस्वल मारायचं काडतूस होतं, आणि तुझ्यासाठी ते त्यांनी स्टेशनवर सोडून दिलं. पोकळ होतं, हे मी सांगणार नाही.