पालथं ताट

मी मुंबईला निघाले तेव्हा बाबांनी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझा चेडू आज भावाच्या घराक शिकाक जाता. तेका चार घास सुखाचे मिळांदेत रे म्हाराजा." घरापुढच्या खळ्यात जमलेले शेजारी एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी असा होकार भरायचा असतो. मग एसटी आली आणि कुडाळ मागे पडलं.

श्वेता, हे तुला लिहायचं कारण तुला माहीत आहे. मुलुंडची तुमची इमारत पाडायला काढलीय, एकट्या म्हाताऱ्याला कुणी भाड्याने जागा देत नाही, आणि परवा तू कॅनडाहून फोनवर म्हणालीस, "वैशू, पप्पांना नवीन बिल्डिंग होईपर्यंत तुझ्याकडे ठेव ना यार. तुझी एक खोली रिकामीच असते." मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार केला.

तुझे पप्पा म्हणजे माझे काका. त्यांचा नियम तुला गमतीचा वाटायचा. सकाळी ऑफिसला जाताना बूट घालत ते त्या दिवसाची अक्षरं सांगायचे. आज क्यू-यू. रात्री जेवणाआधी त्या अक्षरांचे शब्द म्हणायचे, अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करायचा. क्वाएट म्हणजे शांत. क्वॅरल म्हणजे भांडण. क्विट म्हणजे सोडून देणे. तू इंग्रजी शाळेतली, घोटभर पाणी पिता पिता मोकळी व्हायचीस. मी गावच्या मराठी शाळेतून दहावी होऊन आलेली. जोवर माझे शब्द पुरे होत नाहीत तोवर माझं ताट टेबलावर पालथं. तुमची जेवणं सुरू व्हायची. काकी आमटी वाढता वाढता पुटपुटायची, "सांग गो बाय लवकर, थंड होतंय." ती बिचारी त्यापलीकडे कधी गेली नाही. काका तर बांगड्याचा काटा काढत शांतपणे म्हणायचे, "भूक लागली की डोकं चालतं."

चाललं की डोकं. मी आज अंधेरीत जाहिरातींचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते आणि त्यावर माझं पोट चालतं. काका प्रत्येक लग्नात पाहुण्यांना हेच ऐकवतात, "माझ्या शब्दांवर जेवते ही." ते खोटं बोलत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो. शिकवायला ताट पालथं घालावं लागत नाही गं. तुला कुठे घातलं होतं?

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी गणपतीला आपण सगळे गावी गेलो. भजन संपलं, खळ्यात माणसं करंज्यांची वाट बघत बसली होती, आणि काकांना हुक्की आली. माझ्या बाबांकडे बघत म्हणाले, "दादा, वर्षभरात तुझ्या मुलीला काय केलंय बघ. वैशाली, एच-ओ-एस-टी." पाटावर गणपती, समोर अख्खी वाडी. मी उभी राहिले.

"होस्ट म्हणजे यजमान," मी म्हटलं. शेजारचे आबा डोळे मिटून बसले होते. त्यांना वाटलं, गाऱ्हाणं सुरू झालं. ते सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा." लोक हसले, पण पुढच्या शब्दाला सगळ्यांनीच साथ दिली. हॉस्टेल म्हणजे विद्यार्थ्यांनी राहायची जागा. व्हय म्हाराजा. हॉस्टेज म्हणजे ओलीस ठेवलेला माणूस. व्हय म्हाराजा. हॉस्टाइल म्हणजे वैर धरणारा. व्हय म्हाराजा. काकासुद्धा खूश होते. छाती फुगवून म्हणाले, "आता वाक्यात उपयोग कर."

मी ठरवून काहीच केलं नाही. वाक्य आपसूक आलं, तेही मराठीत, गाऱ्हाण्याच्याच चालीवर. "मुलुंडच्या घरात शब्द आठवलो नाय तर माझा ताट पालथा ऱ्हवता रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. सवयीने, खणखणीत. मग आपण कशाला होकार भरला ते एकेकाच्या ध्यानात आलं. बाबांनी मात्र होकार भरला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते.

काका नंतर खूप बोलले. उपकाराची जाण नाही, चार लोकांत इज्जत घालवली, उद्यापासून माझ्या घरी पाय ठेवायचा नाही. बाबांनी ऐकून घेतलं. सकाळी मला म्हणाले, "भाऊ आसा तो माझो. पण भरल्या घरात जित्या माणसाचा ताट पालथा घालूक नाय." पुढच्या आठवड्यात मला घेऊन ते स्वतः मुलुंडला आले, माझी ट्रंक उचलली आणि मला अंधेरीच्या हॉस्टेलवर सोडलं. निघताना मी "कॉलेजचं काय?" म्हटलं, त्यांनी आधी हॉस्टेलच्या जेवणाची वेळ विचारून घेतली. तुझ्या पप्पांशी ते त्यानंतरही बोलायचे, पण मुलुंडला कधी जेवले नाहीत.

टोरोंटोहून तू घर सोडल्याचं दुःख लिहितेस, गावचे लोक म्हणतात वैशू आता मुंबईकरीण झाली. मला दोन्ही नीट कळत नाही. गावचं घर बाबांबरोबर संपलं. मुलुंडचं माझं कधी नव्हतंच. माझं घर म्हणजे मेट्रोच्या खांबाला लागून असलेली ही दोन खोल्यांची जागा. इथे ताटं मी स्टँडमध्ये उभी ठेवते. कोणी आलं की आधी वाढते, मग विचारते कसा आहेस. कामवाली येते तिलाही, कुरिअरवाला दुपारी दमलेला दिसला तर त्यालाही. तुझे पप्पा आले तर त्यांनाही वाढावं लागेल, आणि त्यांच्यासमोर बसून मला जेवता येणार नाही. वाट लागेल माझी, माझ्याच घरात.

तेव्हा माझं उत्तर नाही. मुलुंडमध्ये त्यांना जागा मी शोधते, घरमालकाला हमी मी देते. दवाखान्यात नेईन, रोजचा डबा लावून देईन. माझा उंबरा मात्र त्यांच्यासाठी नाही. तू चिडशील, चीड. गावी कळलं तर लोक नावं ठेवतील, ठेवू देत.

पप्पांना स्पष्ट सांग, वैशू नाही म्हणाली. का, म्हणून विचारलं तर तेही सांग. शब्द अर्थासकट सांगायची सवय मला त्यांनीच लावलीय.