उलटा काठ

कळसाडीच्या जसोदाबाईला लांबून ओळखायचं तर तोंड बघायची गरज नव्हती. शहाद्याच्या बाजारात कितीही गर्दी असो, तिचं लुगडं दिसलं की झालं. मूळचं निळं, पळसाच्या फुलांच्या पाण्यात बुडवून कुठं कुठं हिरवट झालेलं, आणि काठ उलटा. म्हणजे विणकराने ज्या अंगाला रंग खुलवला ते अंग आत, आणि धाग्यांची मळकट, विस्कटलेली बाजू जगाकडे. काठ होता म्हणावं तर होता, नव्हता म्हणावं तर नव्हता. पोरीसोरी तिला उलटकाठी म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. निदान ते नाव तिचं एकटीचं होतं.

तिचा नवरा सुपडू कापसाच्या गाड्यांबरोबर नवापूरला गेला आणि तिथून आगगाडीत बसून सुरतेला. दिवाळीला येतो म्हणाला. त्याच साली मानमोडीची साथ आली. गावात सकाळी बोललेलं माणूस संध्याकाळी उचलावं लागत होतं, तिथं सुरतेची खबर कोण आणणार? साथ सरली, जगलेले कामाला लागले, पण सुपडू आला नाही. मेल्याचा निरोपही आला नाही. जेठ, म्हणजे थोरला दीर, हिंमतराव सुरतेला जाऊन गिरण्यांच्या दारात उभा राहून आला. कोणी म्हणालं होता, कोणी म्हणालं नव्हता.

त्या मुलखात बाई तोंड उघडायच्या आधी तिचे कपडे बोलतात. काठाचं लुगडं, हिरवा चुडा, कपाळाला कुंकू म्हणजे सवाशीण. बिनकाठाचं लुगडं, मोकळे हात, मोकळं कपाळ म्हणजे विधवा. तिसरं काही नाही. नवऱ्याचा पत्ताच नसलेल्या बाईने काय नेसावं, हे कोणाच्या आजीने कोणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

पहिली काही वर्षं जसोदाने सवाशिणीचंच सगळं चालू ठेवलं. मग एके दिवशी पाणवठ्यावर कोणीतरी तिच्या हाताकडे बघून म्हणालं, "कोना नावना चुडा व हाऊ?" बाकीच्या हसल्या. तीही हसली, घागर डोक्यावर घेतली आणि घरी आली. उंबऱ्यात बसून तिने बांगड्यांकडे पाहिलं. घालाव्यात तर हसं होतं. काढाव्यात तर काय, तो कुठंतरी भाकरी खात बसला असेल आणि आपण इथं स्वतःच्या हाताने त्याला मारायचं? ते तिच्याने होईना.

त्या दिवसापासून ती आपले कपडे आपण ठरवू लागली. हट्ट म्हणून नव्हे. दुसरी वाटच नव्हती.

कापूस वेचताना बांगड्या एकेक करून पिचल्या, त्या तिने पुन्हा भरल्या नाहीत. बाजारात डोंगरावरची फुलीबाई चारोळी विकायला यायची. पायलीभर ज्वारी देऊन जसोदाने तिच्याकडून कथलाची कडी घेतली. एकमेकींची बोली अर्धीच कळत होती, पण फुलीबाईने कडी स्वतः हातात चढवून दिली आणि तिचा हात लांब धरून न्याहाळला, हे तिला पुरेसं झालं. मग गोंदणारी भुरीबाई गावात आली. जसोदाने तिला कपाळ पुढे केलं. भुरीबाईने सुई हातात घेऊन बजावलं, "हाई पुसाव नही बरं, माय. मरशी तधय बी संगे येई."

"म्हनीसनच गोंद," जसोदा म्हणाली.

कुंकवाच्या जागी हिरवा ठिपका बसला. कुंकू म्हणता येईना, कोरं कपाळही म्हणता येईना. लुगड्याचा काठ तिने त्याच आठवड्यात उलटवला.

आणि मग गंमत अशी, की तिला त्याची गोडी लागली. निळ्या लुगड्यावर हळदीत रंगवलेली चोळी कशी दिसते, फाटक्या घोंगडीची काळी पट्टी बाहीला लावली तर हात कसा दिसतो, हे ती भाकरी थापतानाही मनात जुळवत राही. डोक्यात फूल माळायची चोरी होती, म्हणून ती कपाशीचं फूल माळी. ते देवाला कोणी वाहत नाही, केसात कोणी घालत नाही, तेव्हा हरकत कोण घेणार? सकाळी पिवळं असायचं, दिवस कलला की गुलाबी व्हायचं. तांब्यातल्या पाण्यात ती स्वतःला बघायची. छान दिसतेस, असं म्हणायला घरात कोणी नव्हतं. बैल मान हलवायचा, ती माशांमुळे.

बारा वर्षं झाली तसं हिंमतरावाने ठरवलं. बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस मेला असं समजून त्याचा पुतळा जाळतात, क्रिया करतात. घरात मुलीचं लग्न निघालं होतं, आणि भाऊ असा अधांतरी असताना सोयरे नाकं मुरडत होते. जेठासमोर जसोदा बोलत नसे. तिने त्याच्या बायकोकडून, जेठाणी नर्मदाबाईकडून, निरोप धाडला, की मेल्याचं कोणी पाहिलेलं नाही, थोडं थांबा. हिंमतरावाने उलट निरोप दिला, की बारा वर्षं काय कमी थांबलो?

प्रकाशा गावी, तापीच्या काठी, पळसाच्या पानांचा सुपडू जळला. इकडे घरी परसात विधवा बायका जसोदाला घेऊन बसल्या. त्यांच्यात थोरली भिकुबाई. तिने दगड उचलला, जसोदाचा हात धरला, आणि थांबली.

"हाई काय फोडू मी? हाई कथील शे."

दगड तिने दोनदा हाणूनही बघितला. कडं नुसतं चेपलं. मग पदर ओला करून तिने कपाळ घासलं, ठिपका आणखीच उजळ झाला. लुगड्याचा काठ फाडायचा म्हणून उलटसुलट करून पाहिला. एकीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात लपवलं. शेवटी गळ्यातली काळी पोत तेवढी त्यांनी तोडली, डोक्यावर पाणी ओतलं, आणि भिकुबाई उठता उठता म्हणाली, "तू ना आम्हनामा, ना त्यासनामा. मंग तू बसशी कोठे व?"

तिने शिव्याशाप म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच प्रश्न पडला होता. आणि झालंही तसंच. लग्नात सवाशिणींनी जसोदाला हळदीला बोलावलं नाही, आणि विधवांच्या ओळीत ती हिरवा ठिपका घेऊन बसली तर त्या अंग चोरून सरकल्या. तिचं पान गोठ्याच्या दाराशी वाढलं गेलं. तिथं बसून ती जेवली. पोतीचे मणी तिने परसातून वेचून आणले होते, ते पुढे चोळीच्या बाहीला टाचले. फार सुरेख दिसले. दाखवायचे कोणाला, म्हणून फुलीबाईची वाट बघत ती बाजारात उभी राहिली, पण त्या वर्षापासून फुलीबाई डोंगरावरून उतरलीच नाही.

दिवस असेच गेले. केस पिकले, बोटांची पेरं कामाने जाड झाली, कडी मनगटावरून निघेनात. सकाळी उठून लुगडं कुठलं, चोळी कुठली, फूल असलं तर फूल, एवढं मात्र तिने कधी चुकवलं नाही. आपलं माणूस कुठंतरी असेल, म्हणून आपण अशा, ना सवाशीण ना विधवा, एवढंच त्यात होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्याची बातमी गावात आली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नर्मदाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडायला तिच्या ओट्यावर येऊन बसली. पाटीभर शेंगा फुटल्या. मग ती खाली बघूनच बोलली.

"जसोदा, भाऊजी गयात व. माघना महिनामा. सुरतलेच व्हतात. दुसरं घर करेल व्हतं त्यासनी, पोरं बी शेतस."

जसोदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आजारी व्हतात का?" तिने विचारलं.

नर्मदाबाईला ते माहीत नव्हतं. हिंमतरावाला नवापूरच्या सोयऱ्याने सांगितलं होतं, आणि हिंमतरावाने घरात ताकीद दिली होती, की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. नर्मदाबाई टरफलं गोळा करत म्हणाली, "आते कोनले सांगू नको. क्रिया तर व्हयेल शे. मरेल मानूस दुसरांदा कसा मरी?"

ती गेल्यावर जसोदा आत येऊन उभी राहिली. रडू येईना. एवढी वर्षं तो होता, हे तिचं खरं ठरलं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. तिने दोन्ही हात वर धरून पाहिले. आज बायकांनी यावं, धरून बसवावं, काहीतरी फोडावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आणि फुटेल असं अंगावर तिने काही ठेवलंच नव्हतं.

पुढच्या बाजाराला ती शहाद्याला गेली आणि मण्यारापुढे बसली. हिरवा चुडा भर म्हणाली. मण्याराने तिचं गोंदण पाहिलं, कडी पाहिली, काठ पाहिला. कोण, कुठली, काही जुळेना. पण गिऱ्हाईक म्हणून त्याने हात धरला, आणि सवयीने हसून म्हणाला, "नाव ले, माय. बिनानावना चुडा मी भरत नही."

इतर बायका अशा वेळी लाजतात, उखाण्यात गुंफून नाव घेतात. जसोदाने आजवर ते नाव तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. तिने साधंच सांगितलं, "सुपडू."

त्याने मान हलवली आणि कथलाच्या पुढे हिरवी काच चढवली.

तिथून ती गोमाई नदीच्या पात्रात उतरली. उन्हाळ्याने पाणी एका कडेला गेलेलं. वरच्या अंगाला एक परटीण कपडे धोपटत होती. जसोदा दगडाशी बसली आणि तिने आधी डावा, मग उजवा हात आपटला. काच चुरचुरली, कथील ठणकलं. मनगटाला थोडं रक्त आलं.

परटिणीने लांबूनच विचारलं, "कोन गयं, माय?"

"मन्हा मालक," जसोदा म्हणाली.

परटिणीने हातातलं धोतर दगडावर ठेवलं आणि ती उभी राहिली. जसोदा पाण्यात हात बुडवून बसून होती. ऊन चढत चाललं, कपड्यांचा ढीग तसाच पडला होता. थोड्या वेळाने परटिणीने धोतर पुन्हा उचललं, पण ती ते हळू हळू धोपटायला लागली.